बुधवारची विहीर

"चढलं! चढलं!"

काठावरून आरोळी उठली आणि चारशे माणसं एकदम पुढे रेटली. ज्यांना विहिरीत डोकावता येत नव्हतं, ती पुढच्याच्या खांद्यावर हनुवटी टेकवून "किती? किती?" विचारत होती. खाली अडतिसाव्या पायरीवर झरेबाबा पाय सोडून बसले होते. पहाटे त्यांच्या पायांखालच्या दहा-अकरा पायऱ्या कोरड्या ठणठणीत होत्या. आता दगडांच्या फटींतून बुडबुडे काढत पाणी वर येत होतं, एकेक पायरी गिळत होतं. साडेनऊला ते बाबांच्या तळव्यांना लागलं.

"बोला, कोणी आणलं?"

"बाबांनी!"

"अरे, पाणी म्हणजे रुसलेली लेक!" विहिरीत बाबांचा आवाज घुमला. "सहा दिवस तुमच्या लोभाला कंटाळून ती पाताळात जाऊन बसते. सातव्या दिवशी मी हाक मारतो. माहेरच्या माणसाची हाक आहे, येणार नाही तर जाईल कुठे? आणि बुधवारच का, विचारा. विचारा की! बुधवारी कारखान्याला सुट्टी, माझी कामकरी माणसं मोकळी. माझी माणसं येतील त्याच दिवशी माझं पाणी येईल!"

टाळ्या पडल्या. कुणी म्हातारा धीर करून म्हणाला, "बाबा, गेल्या वर्षी तुम्ही छत्तिसाव्या पायरीवर बसायचात."

"भक्तांसाठी दोन पायऱ्या खाली उतरलो! सांगा, तुमच्यासाठी खाली उतरणारा मोठा माणूस दुसरा कुणी पाहिलात?"

नगराध्यक्षांनी रुमालाने डोळे टिपले.

गर्दीच्या कडेला एक सडपातळ बाई पोलादी फितीच्या टोकाला निळा खडू फासत उभी होती. भूजल कार्यालयातली ही मोजणीदार. गाव तिला मोजणीबाई म्हणे, आणि आता तिची सासूसुद्धा चिडली की तेच म्हणे. खडू लावलेली फीत विहिरीत सोडायची, वर ओढायची, खडू जिथवर भिजून गडद झाला तो आकडा वाचायचा. वर्षातून चार वेळा, नऊ वर्षं. बोलायचं काम फारसं नव्हतं, तेही तिला बरंच होतं.

नगराध्यक्ष गर्दीतून वाट काढत आले. त्यांच्या हातात एक टंकलेला कागद होता.

"पुढच्या बुधवारी नगरपालिकेची सभा इथेच, काठावर घेतोय. तलावाची पाइपलाइन रद्द. दारात भरती विहीर असताना चाळीस किलोमीटरवरून पाणी कशाला आणायचं? कारखान्यालाही चार नव्या बोअरची परवानगी देऊन टाकू, पोरांना कामं मिळतील. तुमची तेवढी सही हवी."

कागदावर एकच वाक्य होतं : विहिरीची पाणीपातळी गेली नऊ वर्षे स्थिर आहे.

"मी तपासून सांगते," ती म्हणाली.

"तपासायचं काय त्यात? तुमच्याच नोंदींवरून लिहिलंय."

ते खरं होतं, आणि तेच तिला टोचलं.

घरी सासूबाईंनी विहिरीच्या पाण्याची बाटली टेबलावर मध्यभागी मांडून ठेवली होती, पाहुण्याला बसवावं तशी.

"सही केलीस?"

"अजून नाही, आई."

"का गं? बाबांना पाण्यात पाहतेस ना तू?"

"मी सगळ्यांनाच पाण्यात पाहते. नोकरीच ती आहे."

"विनोद करू नकोस. अख्खं गाव आंधळं आणि तू एकटी डोळस?"

मोजणीबाईने कपाट उघडलं. नऊ नोंदवह्या काढून ती जमिनीवर बसली. प्रत्येक वहीत शेवटचा रकाना होता : 'मागील वर्षाच्या तुलनेत'. फरक पन्नास सेंटिमीटरच्या आत असेल तर 'स्थिर' लिहायचं, असा कार्यालयाचा दंडक. पहिल्या वर्षी पाणी चाळीस सेंटिमीटरने खाली गेलं होतं. स्थिर. दुसऱ्या वर्षी पुन्हा चाळीस. स्थिर. तिच्याच नीटस अक्षरात, नऊ वेळा, स्थिर. प्रत्येक वर्ष फक्त आपल्या मागच्या वर्षाकडे बघत होतं. सगळ्यात जुनी वही आणि सगळ्यात नवी वही शेजारी ठेवायचं काम कोणत्याच रकान्यात नव्हतं.

तिने त्या दोन वह्या शेजारी ठेवल्या आणि जुन्या वहीतला 'मागील वर्षा'चा आकडा नव्या वहीतल्या आकड्यातून वजा केला. तीन मीटर साठ. विहिरीच्या अठरा पायऱ्या.

"आई, रोज एक घास कमी जेवणारं माणूस कालच्यापेक्षा बारीक दिसत नाही."

"कोण बारीक झालं?" सासूबाई दचकल्या.

"विहीर."

अशा हजारो विहिरींच्या वह्या मुख्यालयात जात. तिथे त्यांची बेरीज होई. देशाच्या जमिनीत वर्षाला किती पाणी मुरतं, देश किती उपसतो, आणि उपसा मुरण्याच्या पुढे गेला की नाही, याचा ताळेबंद त्यावरून मांडला जाई. इथे तिने लिहिलं 'स्थिर'. तिच्यासारख्या आणखी किती जणींनी लिहिलं असेल? सगळ्यांचं गणित बरोबर आणि देशाचा तळ उघडा.

पण हा झाला वर्षांचा हिशेब. आठवड्याचं काय? सहा दिवस खाली जाणारं पाणी बुधवारी वर का येतं, हे तिलाही सांगता येत नव्हतं. कार्यालयाच्या वेळापत्रकात गावातल्या विहिरींना बुधवार नेमून दिलेला. नऊ वर्षांत तिने ही विहीर दुसऱ्या कोणत्या वारी मोजलीच नव्हती.

गुरुवारी पहाटे साडेपाचला ती काठावर हजर झाली. सगळं सामसूम होतं. रात्रभर चढलेलं पाणी चौतिसाव्या पायरीशी स्वस्थ उभं होतं. तिने पाण्याच्या कडेला दगडावर खडूची रेघ मारली आणि बसून राहिली. सहाला गावाबाहेरच्या कारखान्याचा भोंगा वाजला. सहा वाजून अकरा मिनिटांनी रेघेखाली ओला दगड दिसू लागला. आधी बोटभर, मग दोन बोटं. साडेसातपर्यंत पाच पायऱ्या उघड्या पडल्या होत्या.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडूही शकते. एकदा पाहिलं म्हणजे सिद्ध झालं, असं तिला कुणी शिकवलं नव्हतं. पण मनात मात्र लख्ख उजेड पडला, आणि पाठोपाठ शरमही वाटली. बुधवारी कारखाना बंद असतो हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. बुधवारी विहीर भरते हेही. बाबा तर दोन्ही गोष्टी एका दमात ओरडून सांगत होते. दोन्ही गोष्टी एकाच खिशात खुळखुळत होत्या. खिशात हात घालून बघायला कुणाला सुचलं नव्हतं.

कारखान्यात नव्याकोऱ्या जीनच्या विजारी धुवून, घासून, फिक्या करत. परदेशातल्या लोकांना नवी विजार जुनी दिसलेली आवडते म्हणे. पंपघरात राखणीला होते ते पंपमामा, केस पिकलेले, कानाला पंपाच्या आवाजाने दडे बसलेले.

"बुधवारी?" त्यांनी पंपाची वही पुढे सरकवली. "बुधवारी सकाळी सहाला बंद, गुरुवारी सहाला चालू. दोन वर्षं झाली या तीन मोटरींना. त्याच्या आधी लहान होत्या. चारशे ऐंशी फुटांवर सोडल्यात. सोडणारा मेस्त्री काय होता! हात सोन्याचा आणि जीभ त्याहून सोन्याची. मोटर उतरवताना म्हणायचा, मामा, ही चालू झाली की आसपासच्या विहिरी रडतील."

"तो मेस्त्री आता कुठे असतो?"

"काम संपलं, गेला. मी कुठे शोधू?"

"येत्या बुधवारी पण सगळं बंदच?"

"अं? हो, बंद. म्हणजे दहा ते अकरा नव्या मोटरीची चाचणी आहे. एकटी या तिघींएवढं ओढते. राक्षसीण आहे."

मोजणीबाईने ती वेळ वहीत लिहून घेतली आणि दोनदा वाचली.

आठवडाभर ती रोज पहाटे आणि संध्याकाळी विहिरीवर गेली. आकडे हट्टाने तेच सांगत राहिले. मंगळवारी सायंकाळी तिने एका कागदावर चार ओळी लिहिल्या, पाकीट चिकटवलं आणि सासूबाईंच्या हातात दिलं.

"उद्या विहिरीवर मी सांगेन तेव्हाच फोडा."

"मला कशाला देतेस? मी बाबांची माणूस आहे."

"म्हणूनच. माझ्या माणसाकडे दिलं तर लोक म्हणतील, आतला कागद बदलला."

सासूबाईंनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं, आणि पदराखाली ठेवलं.

बुधवारी काठावर मांडव पडला होता. नगरसेवकांना खुर्च्या, बाबांना अडतिसाव्या पायरीवर गादी. साडेनऊला पाणी गादीला टेकलं तेव्हा जयजयकाराने भिंती हादरल्या. नगराध्यक्षांनी कागद आणि पेन पुढे केलं.

"करा सही. शुभ वेळ आहे."

"मी दहा चाळीसला करेन," ती म्हणाली. आवाज लहान होता, पण विहिरीच्या तोंडाशी लहान आवाजही ऐकू जातो. "त्या वेळी पाणी चढतच असेल तर सही करते, आणि नोकरीचा राजीनामाही इथेच देते. सगळ्यांसमोर सांगते."

गर्दीत कुजबुज पसरली. झरेबाबा खालून हसले. "बसा, लेकी, बसा. दहा चाळीस कशाला, दिवेलागणीपर्यंत चढेल माझं पाणी!"

तिने भिंतीवर पाण्यालगत रेघ मारली आणि वर येऊन घड्याळ काढलं.

दहा वाजले. दहा वाजून अकरा मिनिटं. पाण्याने रेघ केव्हाच बुडवली होती. दहा सोळा. आणखी बोटभर चढलं. चाचणी पुढे ढकलली असेल? मोटर बिघडली असेल? आपण पंपघरात निरोप ठेवायला हवा होता. पण निरोप ठेवला असता तर चाचणी आपल्या सांगण्यावरून झाली असती, आणि मग कोणीही म्हणालं असतं की हा ठरवून केलेला खेळ. दहा वीस. एक नगरसेवक शेजाऱ्याला म्हणाला, "हात दाखवून अवलक्षण." सासूबाई तिच्याकडे बघत होत्या. त्या नजरेत राग नव्हता, आणि तेच जास्त अवघड होतं.

दहा चोवीसला पाणी थबकलं.

दहा अठ्ठावीसला बाबांच्या गादीची ओली किनार पाण्याच्या वर दिसू लागली.

मग एक बाई हळूच म्हणाली, "अगं बाई, उतरतंय की काय?" आणि सगळा काठ पुढे वाकला. बाबांनी आवाज चढवला. ते जितके मोठ्याने हाक मारत, तितकं पाणी खाली सरकत होतं. एक पायरी उघडी पडली. रुसलेली लेक माहेरच्या माणसाकडे पाठ फिरवून चालली होती.

"इथे शंकेखोर आहे!" बाबा गरजले. बोट सरळ मोजणीबाईवर होतं. "तिच्या शंकेने पाणी बाटलं! ती इथे उभी आहे तोवर थेंब चढणार नाही!"

चारशे तोंडं तिच्याकडे वळली. कुणीतरी तिचा दंड धरला. मांडवाचा एक खांब करकरला.

"हात सोडा तिचा," सासूबाई म्हणाल्या. "माझी सून आहे ती."

"सोडा," मोजणीबाईही म्हणाली. "बाबा म्हणतात ते तपासूनच बघू. मी शाळेच्या ओट्यावर जाऊन बसते, दोनशे पावलं लांब. दोघी-तिघी माझ्याबरोबर चला, मी काही करत नाही ना बघायला. शंका घेऊन जाते मी. आता पाणी चढायला हरकत नाही."

ती गेली. ओट्यावर बसून तिने घड्याळ मांडीवर ठेवलं. दहा चाळीस झाले, दहा पंचावन्न झाले. विहिरीकडून हाकाच हाका येत होत्या, जयजयकार मात्र एकदाही नाही. अकराला तिच्याबरोबर आलेली एक बाई म्हणाली, "मोजणीबाई, तुम्ही इथे, मग पाणी का चढेना?"

"तेच बघायला मी इथे आले."

चाचणी उशिरा सुरू झाली, म्हणजे उशिराच संपणार. ती सव्वाअकराला उठली आणि सावकाश चालत काठाशी आली. बाबांचा घसा बसला होता. पाणी त्यांच्या पायांखाली चार पायऱ्या होतं.

"मी आले," ती म्हणाली. "शंकेसकट."

लोक तिच्याकडे बघत राहिले, मग पाण्याकडे. तीन मिनिटं. सहा मिनिटं. मग फटींतून पहिला बुडबुडा फुटला, दुसरा फुटला, आणि शंकेखोर बाई काठावर उभी असताना पाणी चढू लागलं.

कुणीतरी फिस्सकन हसलं.

"आई, आता पाकीट फोडा."

सासूबाईंनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं. "बुधवारी सकाळी सहानंतर पाणी चढेल. दहाच्या सुमारास कारखान्याची नवी मोटर तासभर चालेल. ती सुरू झाली की थोड्या वेळात पाणी उतरेल, कोणीही हाक मारो वा न मारो. मोटर थांबली की पुन्हा चढेल. मी कुठेही असले तरी." त्यांनी कागद उलटा करून पाहिला. "कालची तारीख आहे. पाकीट काल संध्याकाळपासून माझ्याजवळच होतं."

नगराध्यक्ष उसळले. "काहीतरीच! त्यांच्या बोअर खोल, आपली विहीर उथळ. वरच्या मजल्यावरच्याचं ताट तळमजल्यावरचा कसा ओढील?"

"मजले नाहीत, साहेब. खाली सगळा एकच भेगाळलेला खडक आहे. एका पेल्यात दोन नळ्या घाला. लांब नळीने ओढलं की आखूड नळीला हवाच येते. कारखान्याच्या तीन मोटरी तीनशे फुटांवरून ओढतात, म्हणून..."

"तीनशे कुठल्या?" विहिरीतून घोगरा आवाज आला. "चारशे ऐंशी! तीनशेवर सोडल्या असत्या तर उन्हाळ्यात कोरड्या फिरल्या असत्या. मी काय शिकाऊ..."

आवाज अर्ध्यात तुटला. पाणी येण्याची वेळ इतकी नेमकी ठाऊक असलेला हा गोडबोल्या पंपमामांचा मेस्त्रीच असावा, असा संशय आल्याने तिने तो आकडा मुद्दाम चुकवला होता, पण इतक्या पटकन मासा गळाला लागेल असं तिला वाटलं नव्हतं. कारागिराला शिव्या दिल्या तर तो गप्प बसेल. त्याच्या कामाचा आकडा चुकवला तर बसणार नाही.

"मोटरी तुम्हीच सोडल्यात ना, मेस्त्री?" ती सरळ म्हणाली. "काम चोख झालंय. त्या थांबल्या की विहीर भरते, हे तुम्ही सगळ्यांच्या आधी ओळखलंत. लोकांना सांगितलं असतंत तर गावाने तुमचे उपकार मानले असते."

बाबांना पळता भुई थोडी झाली, पण पळायला पायऱ्या एकाच बाजूला आणि त्या पायऱ्यांवर माणसं. कुणी हात उगारला. मोजणीबाई मध्ये आली. "मारू नका. त्याला मारलंत तर उद्या दुसरा येईल, आणि दुसऱ्याला पंपाची वेळ याहून चांगली पाठ असेल. त्यापेक्षा थोडं ऐका, मला बोलायची सवय नाही, एकदाच बोलते."

गर्दी हळूहळू निवली.

"बाबांनी पाणी आणलं नाही. एक दिवस उपसा थांबला, एवढंच झालं. पण फसवणूक एकट्या बाबांनी केली नाही. मी नऊ वर्षं 'स्थिर' लिहिलं. दर वर्षी फक्त मागच्या वर्षाशी तुलना केली. मी कामाला लागण्याआधीच्या वर्षी बुधवारचं पाणी सोळाव्या पायरीपर्यंत यायचं. आता चौतिसावीला थांबतं. यात कारखाना आहे, शेतं आहेत, आणि आपल्या परसातल्या बोअरही आहेत. आई, आपलीही. जमिनीत वर्षाला जेवढं मुरतं त्याहून जास्त आपण सगळे मिळून काढतो. खाली किती उरलंय, मला माहीत नाही. जो छातीठोकपणे सांगेल, त्याच्यावर विश्वास ठेवू नका."

तिने नगराध्यक्षांचा कागद घेतला. 'स्थिर' या शब्दावर रेघ मारली, वर लिहिलं : 'नऊ वर्षांत तीन मीटर साठ सेंटिमीटर खाली', आणि खाली सही केली. नगराध्यक्ष कागदाकडे बघत राहिले. काठावर चारशे मतदार उभे होते. पाइपलाइन रद्द करायचा आणि नव्या बोअरचा, दोन्ही ठराव त्या दिवशी कुणी मांडले नाहीत.

परतताना सासूबाई फाटकाशी थांबून म्हणाल्या, "मी दीड वर्ष त्याच्या पाया पडले गं."

"पाणी हवं होतं म्हणून पडलात, आई. त्यात काही चूक नव्हती."

"आपल्या बोअरचं काय करायचं?"

"तुम्ही सांगा."

सासूबाईंनी परसाकडे पाहिलं. "एक दिवसाआड चालवू," त्या म्हणाल्या. "आणि मला तो खडू फासायला शिकव. रोज बघून येत जाईन. तुझं कार्यालय वर्षातून चारदा बघतं, तेवढ्याने भागायचं नाही."

वाचकहो, ही गोष्ट कोणत्या गावची, याला महत्त्व नाही. जमिनीखालचं पाणी दिसत नाही, म्हणून त्याच्याबद्दल कुणीही काहीही सांगू शकतं. बाबाही सांगतो आणि सरकारी रकानाही. तेव्हा कधी कुणी तुम्हाला आटलेल्या विहिरीत पाणी आल्याचा चमत्कार दाखवला, तर हात जोडण्याआधी एवढंच विचारा : आज उपसायचं कोण थांबलं?